वन्यजीवांच्या आरोग्याच्या कामाला पैसा कुठून आणायचा? (सत्तरी, गोवा)

गोचीडवैद्य

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय. तेव्हा टोमणे मारायचे असतील तर पहिल्या पाच प्रतिसादांत मारून घ्या.

मी पशुवैद्य. परळला शिकलो, सत्तरीत दवाखाना आहे. गायी-म्हशी, शेळ्या आणि हल्ली घरोघरची लाडावलेली कुत्री. पण रानाला लागून राहिले की दवाखान्यात रानही येते. तारेच्या फासात अडकलेला कांडेचोर येतो, गाडीखाली आलेले मुंगूस येते, पोत्यात घालून आणलेला अजगर येतो. हे सगळे फुकट करतो, त्याबद्दल तक्रार नाही.

आता काम थोडे शिस्तीत करायचे आहे. 2015 मध्ये आमच्या तालुक्यात पाली गावात माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा केएफडी, आला तेव्हा काजूच्या भाटात (बागेत) राबणारी माणसे आधी आजारी पडली आणि माकडे मरत होती याची आठवण मागाहून निघाली. म्हादई अभयारण्याला लागून असलेल्या काही गावांत नोव्हेंबर ते मे असे दोन हंगाम गोचिडी गोळा करायच्या, मेलेल्या माकडांची खबर त्याच दिवशी आरोग्य खात्यापर्यंत पोचवायची आणि रानात शिरणाऱ्या गावठी कुत्र्यांना डिस्टेंपर-पार्व्होची लस द्यायची, असा बेत आहे. सोबत एक विज्ञान शिक्षक आणि दोन सर्पमित्र आहेत. दोन वर्षांचा खर्च काढला तो आठ-नऊ लाखांच्या घरात जातो.

आमची नोंदणीकृत संस्था नाही. अनुदान कोण देते, एकट्या माणसाला देतात का, आणि कुणी प्रत्यक्ष मिळवले आहे का?

वाळपईचो_पात्रांव

डॉक्टर, काजूच्या दिवसांत हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) स्टॉल घाला. दोन हंगामांत नऊ लाख सुटतील, आणि गोचिडी गिऱ्हाइकांच्या पायांवरूनच वेचता येतील.

(हलके घ्या. धागा चांगला आहे, वाचतोय.)

कासवकार

काणकोणहून. आम्ही गालजीबागच्या बाजूला कासवांचे थोडे काम करतो.

रफर्ड फाउंडेशनचे नाव ऐकले असेलच. ब्रिटनचे आहे, पहिले अनुदान काही हजार पौंडांचे असते, आणि नवख्यांना देतात ही मोठी गोष्ट. तीन शिफारस करणारे लागतात. निव्वळ संशोधनाला देत नाहीत, त्यातून संवर्धन काय होणार ते दाखवावे लागते. त्यांच्या संकेतस्थळावर आजवरचे सगळे प्रकल्प अहवालांसकट मांडून ठेवलेत. पश्चिम घाटातले शोधून वाचा, अर्ज कसा लिहायचा ते तिथेच कळेल.

एकाच प्रजातीवर काम असेल तर मोहम्मद बिन झायेद फंड आहे, जास्तीत जास्त 25,000 डॉलर. पण गोचिडीला देतील असे वाटत नाही :)

आयडिया वाइल्ड नावाची अमेरिकेची संस्था पैसे न देता सामान देते, कॅमेरे, जीपीएस वगैरे. पार्सल आले की जकात मात्र आपल्या खिशातून.

परळकरीण

मॉरिस ॲनिमल फाउंडेशन राहिले. 1948 मध्ये एका पशुवैद्यानेच सुरू केलेले, डेनव्हरला आहे, आणि वन्यप्राण्यांच्या आजारांवरच्या संशोधनाला पैसे देते. पण त्यांची चाळणी पक्की शास्त्रीय असते. नमुन्यांची संख्या कुठल्या हिशेबाने ठरवली, हे संख्याशास्त्राने पटवावे लागते. गावपातळीच्या कामाला तिथे जाऊ नये.

डॉक्टर, तुम्ही कुठल्या बॅचचे?

हिशेबनीस

फोंड्यात हिशेब तपासनीस आहे, चार-पाच संस्थांचे काम बघतो. वरचे प्रतिसाद वाचून धस्स झाले, म्हणून जरा सविस्तर.

पौंड-डॉलरची स्वप्ने बघण्याआधी परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा, 2010 वाचा. एखादा ठरावीक सामाजिक, शैक्षणिक वा तत्सम कार्यक्रम चालवणाऱ्या कुणालाही परदेशी देणगी घ्यायची तर गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. "मी संस्था नाही, एकटा माणूस आहे" ही पळवाट नाही, कायद्यातल्या व्याख्येत व्यक्तीही येते. शिष्यवृत्ती, पगार, धंद्यातला मोबदला यांची गोष्ट वेगळी. आणि कासवकार, वस्तूसुद्धा परकीय योगदानात मोडते बरे. कॅमेरा आला म्हणून सुटलो असे नाही.

नोंदणी हवी तर संस्थेला तीन वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख खर्च झालेले हवेत. नव्या संस्थेला पूर्वपरवानगीचा रस्ता आहे. देणाऱ्याचे अमुक कामासाठी अमुक रक्कम देतो असे पत्र जोडायचे आणि वाट बघायची. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर जाता कामा नये (आधी 50 होता), आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. पूर्वी मोठ्या संस्था पैसा आणून लहानांना वाटायच्या, ती वाट या शेवटच्या कलमाने बंद झाली.

तेव्हा धागाकर्ते, तुमच्या आजच्या स्थितीत परदेशी अनुदान हा पहिला पर्याय नाही.

कासवकार

@हिशेबनीस, रात्रीची झोप उडवलीत. उद्या फोन करतो.

कुळागरवाली

मला गंमत वाटते. पाली-म्हाऊशीच्या बायकांना ताप येतो, आणि त्यावरच्या कामाला पैसा लंडन-अबुधाबीहून आणायचा? आपल्याकडे पैसा नाही का? खाणपट्ट्यातल्या जिल्हा खनिज निधीत आहे, कॅम्पात (वनतोडीच्या भरपाईच्या निधीत) आहे, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) आहे. सत्तरीत पिसुर्ले-होंडा हा खाणींचाच भाग. मागायला आपले लोक लाजतात, दुसरे काय.

मांडवीकाठ

खाणवाल्यांचा सीएसआर घेऊन वन्यजीव वाचवायचे? वा! आधी शेतात चिखल लोटायचा, मग त्याच पैशाने माकडांना बिस्किटे.

कुळागरवाली

@मांडवीकाठ, चिखल माझ्याच शेतात आलाय, तुमच्या पणजीच्या फ्लॅटमध्ये नाही. म्हणून म्हणते, सीएसआर आणि खनिज निधी यांत फरक करा. सीएसआर कंपनी तिच्या मर्जीने देते, वर फलक लावते. खनिज निधी खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने आला. तो खाणीमुळे बाधित झालेल्यांच्या हक्काचा आहे, आणि आरोग्य नि पर्यावरण ही त्यात प्राधान्याची कामे आहेत. हक्काचे मागायला कसली नैतिक अडचण?

मांडवीकाठ

निधीबद्दल मान्य. फलकाबद्दल नाही. आमच्या ओळखीतल्या एका गटाने कंपनीचे पैसे घेतले. पुढच्याच वर्षी जनसुनावणीत तोंड उघडायची वेळ आली तेव्हा सगळे घसा बसल्यासारखे गप्प.

जुना_सभासद

वन्यजीवांच्या धाग्यावर खाण आली. प्रतिसाद क्रमांक सहा. गोव्याचा धागा असून यंदा उशीरच झाला म्हणायचा.

हिशेबनीस

सीएसआरचे दोन व्यावहारिक मुद्दे. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतले एक काहीही असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात. म्हणजे फक्त खाणवाले नव्हेत, औषध कंपन्या आहेत, हॉटेले आहेत. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारली तरी पाट्या वाचून दमाल. प्राण्या-वनस्पतींचे रक्षण आणि प्राणिकल्याण हे विषय परिशिष्ट सातमध्ये स्पष्ट लिहिलेत.

दुसरा मुद्दा कडू आहे. बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेकडे 12अ आणि 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) हवे, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि सीएसआर-1 अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. धागाकर्त्यांकडे यातले काहीच नाही. आज संस्था नोंदवली तरी ती तीन वर्षे जुनी व्हायला तीन वर्षेच लागतात.

वाळपईचो_पात्रांव

एवढे वाचून हुर्राकाचा पर्याय परत विचारात घ्यावा ही नम्र विनंती.

निवृत्त_रेंजर

वन खात्यात आयुष्य गेले. पैशांच्या आधी परवानगीचे बोला. हे तरुण लोक अर्ज लिहितात, अनुदान मिळवतात आणि मग आमच्या दारात येतात. देणारा विचारतो परवानगी कुठे आहे, आणि खाते विचारते प्रकल्पाला पैसा कुणाचा आहे. यात एक पावसाळा सहज जातो.

अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचे तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. अनुसूचीतल्या प्राण्याला हात लावायचा, रक्त काढायचे, तर तो विषय आणखी वर जातो. पण डॉक्टर, तुमचा प्रकल्प नीट बघा. गोचीड अनुसूचीत नाही. काजूची भाटे खाजगी आहेत, भाटकाराची संमती पुरे. कुत्र्याला मालक आहे. म्हणजे तुमचे निम्म्याहून जास्त काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर, परवान्याविना होते. ते आधी करा. आणि मेलेल्या माकडाला तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी हात लावायचा नाही. अंगावरच्या गोचिडी थंड पडलेले शरीर सोडून खाली उतरतात आणि जवळ जो उभा असेल त्याला धरतात. जागा लक्षात ठेवा, फोन करा, लांब उभे राहा.

दोडामार्गकर

अनुमोदन. 2016 साली आमच्याकडे, सिंधुदुर्गात, साथ आली तेव्हा लोक मेलेली माकडे स्वतः पुरत होते, पुण्य म्हणून. हनुमंताचा अवतार उघड्यावर कसा टाकायचा, हा प्रश्न. जनजागृतीचे पैसे मागाल तेव्हा ही गोष्ट अर्जात लिहा, नुसती 'पोस्टर व पत्रके' लिहू नका.

आणखी एक. गोचिडीला राज्याची हद्द कळत नाही. दोन्ही बाजूंची गावे मिळून प्रस्ताव केला तर वजन वाढेल.

वाघ_आमचा

एवढे सगळे करण्यापेक्षा म्हादई व्याघ्र प्रकल्प होऊ द्या की! केंद्राचा पैसा आपोआप येईल. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला चार वाघ विषाने मेले, तरी आपण गप्प. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने अधिसूचना काढायला सांगितले, सरकार गेले सर्वोच्च न्यायालयात.

सत्तरीची_लेक

आणि अभयारण्यात ज्यांची घरे, कुमेरी (फिरती शेती), काजू आहेत त्यांचे काय? 1999 पासून हक्कांचे दावे लटकलेत. वाघ 'आमचा' म्हणायला सोपे आहे. ज्याची गाय जाते त्याला विचारा.

वाघ_आमचा

गायीची भरपाई मिळते.

सत्तरीची_लेक

कधी??

संपादक

व्याघ्र प्रकल्पावर आधीच दोन धागे आहेत, तिथे भांडा. इथले पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

मडगावकर_बाई

मला वाटते कुणीच गोव्याच्या सगळ्यात यशस्वी उदाहरणाकडे पाहत नाही. रेबीज! मिशन रेबीज 2014 पासून इथे आहे. ब्रिटनच्या धर्मादाय संस्थेचे आणि राज्य सरकारचे मिळून काम, दोघांचा पैसा. जाळी घेऊन कुत्रे पकडणारी पिवळ्या शर्टांची मुले आमच्या गल्लीत दर वर्षी यायची. कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायची, म्हणजे लस झालेला ओळखू येतो. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले.

मुद्दा असा की तो पैसा कुत्र्यांच्या प्रेमाने आला नाही. माणसे मरत होती म्हणून आला. तुमच्या अर्जात माकड पहिल्या ओळीत असेल तर तो वन्यजीवांच्या फायलीत जाईल, आणि ती फाईल नेहमीच बारीक असते. काजू वेचणारी बाई पहिल्या ओळीत ठेवा.

गोचीडवैद्य

बाई, हे लाखाचे बोललात. पण यात मला एक बोच आहे. प्रत्येक वेळी माणसाच्या तापाच्या आडूनच माकडाला औषध मिळायचे का? 2018 मध्ये गीरला वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. त्यात माणूस कुठेच नव्हता. आमच्या कुत्र्यांमधून तोच विषाणू इथल्या बिबट्यांत गेला तर कुठली बाई पहिल्या ओळीत घालू?

मडगावकर_बाई

त्यासाठी वेगळा अर्ज घाला. तीन कामे एका अर्जात कोंबलीत हीच अडचण आहे.

परीक्षकाच्या_खुर्चीतून

बाईंना +1. काही वर्षे एका देशी अनुदानाचे अर्ज वाचण्याचे काम केले आहे (कुठल्या ते विचारू नका), म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

एका बैठकीत ढीगभर अर्ज वाचायचे असतात. पहिल्या पानावर पश्चिम घाट हा जैवविविधतेचा खजिना आहे असे असेल तर ते पान आम्ही उलटतो, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही शोधतो ते हे: दोन वर्षांनी काय बदललेले असेल आणि ते बदलले हे कसे कळेल? "मृत माकडाची खबर आज चार-पाच दिवसांनी पोचते, ती 24 तासांत पोचेल" असे एक वाक्य दहा पानांना भारी पडते. अर्थात आज किती दिवसांनी पोचते हे आधी कुणीतरी मोजलेले हवे. ते मोजायला पैसे लागत नाहीत. यंदाच्या हंगामात मोजा.

मग आम्ही खर्चाचे पान उघडतो. गोचिडी कशा गोळा करणार? पांढरे फ्लॅनेलचे मीटरभर कापड काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढायचे, उलटे करायचे, मोहरीच्या दाण्याएवढी पिल्ले चिमट्याने उचलून कुपीत टाकायची. याला खर्च कापडाचा. खरा खर्च पुढे आहे. कुप्या थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजनचे भांडे, ते दर काही दिवसांनी भरणे, आणि तपासणी. केएफडीच्या जिवंत विषाणूचे काम साध्या प्रयोगशाळेत करता येत नाही, तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा लागते. पुण्याच्या एनआयव्हीसारखी (राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी) जागा. अशा संस्थेचे "नमुने स्वीकारू" असे पत्र नसेल तर गोचिडी गोळा करून करणार काय, हा पहिला प्रश्न येतो. बहुतेक अर्ज इथेच पडतात.

हंगामाचेही बघा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, पैसा हातात यायला पावसाळा उजाडतो. तुमची गोचीड नोव्हेंबरात जागी होते. म्हणजे वेळ जुळते, पण अर्ज आदल्या हिवाळ्यात गेलेला हवा. काजूचा हंगाम सुरू झाल्यावर अर्ज लिहायला बसणारे दर वर्षी भेटतात.

जाता जाता, देशी नावे: इनलॅक्सची रवी शंकरन यांच्या नावाची छोटी अनुदाने आहेत, हॅबिटॅट्स ट्रस्ट आहे, आणि सँक्च्युअरी नेचर फाउंडेशनचा मड ऑन बूट्स हा उपक्रम खास जमिनीवर काम करणाऱ्या, इंग्रजी अर्जाला बुजणाऱ्या माणसांसाठी आहे. तुमच्या सर्पमित्रांचा विचार तिथे करा. अचानक काही उद्भवले, म्हणजे साथ आली, वणवा लागला, तर वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाची तातडीची छोटी मदत असते.

कासवकार

वाचनखूण साठवली.

परळकरीण

सरकारी संशोधन निधीचा रस्ता कुणी सांगितला नाही. आयसीएमआर काय किंवा नवे एएनआरएफ काय, मुख्य संशोधक मान्यताप्राप्त संस्थेत नोकरीला हवा. खाजगी दवाखानेवाल्याला दार बंद. पण सहसंशोधक होता येते. जुन्या गोव्याला आयसीएआरची किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे पशुविज्ञानाचे लोक आहेत. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आहे. त्यांना तुमच्यासारखा माणूस हवाच असतो, कारण वाळपईच्या पलीकडच्या गावांत भाटकाराकडे चहा पिऊन संमती मिळवणे त्यांना जमत नाही. ते पैसा आणतील, तुम्ही गोचिडी आणा.

निवृत्त_रेंजर

कॅम्पाबद्दल वर कुळागरवाली म्हणाल्या. तो पैसा खात्याकडे येतो, खाजगी माणसाला मिळत नाही. मात्र 2018 च्या नियमांत वन्यप्राण्यांची बचाव केंद्रे आणि उपचाराच्या सोयी बसतात. दवाखान्यात येणारे कांडेचोर नि अजगर यांची नोंदवही ठेवा, तारीख, गाव, इजा, पुढे काय झाले. ती वही घेऊन उपवनसंरक्षकांना भेटा. वार्षिक आराखडा बनायच्या आधी भेटा, नंतर नुसता चहा मिळेल.

कुळागरवाली

आणि पंचायतीची जैवविविधता समिती! कायद्याने तिला स्वतःचा निधी असतो. आमच्याकडे समिती कागदावर आहे आणि लोक-जैवविविधता नोंदवही कपाटात. पण लशीच्या शिबिराला मांडव, जेवण, लाउडस्पीकर एवढे पंचायत आनंदाने करते. निवडणुकीच्या वर्षी तर लससुद्धा करील.

मांडवीकाठ

@कुळागरवाली, निवडणुकीच्या वर्षी कुत्र्यांनाही ओळखपत्र देतील.

गोचीडवैद्य

सगळे वाचले, काही दोनदा वाचले.

ठरवले ते असे. कुत्र्यांच्या लशीचे काम वेगळे काढतो. ते पंचायत आणि गावातल्या वर्गणीतून, एका गावापासून. गोचिडींसाठी जुन्या गोव्याला जाऊन येतो, सहसंशोधक म्हणून घेतले तर उत्तम. माकडांच्या खबरीचे मोजमाप या हंगामात आमचे शिक्षकमित्र आणि त्यांची मुले करतील, विनाअनुदान. मुलांना जवळ जायचे नाही हे बजावूनच. त्या आकड्यांवर पुढच्या हिवाळ्यात देशी छोट्या अनुदानाचा अर्ज. रफर्ड तूर्त नाही. संस्था नोंदवायची की नाही यावर घरात मतभेद आहेत. बायको म्हणते आधी दवाखान्याची उधारी वसूल करा.

दोडामार्गकर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. हिशेबनीस, एक शंका. दोन सर्पमित्रांना दिवसाचे मानधन द्यायचे आहे, आणि भाटात वाट दाखवायला गावातला एक म्हातारा घ्यायचा आहे. तो सही करत नाही. वर्गणीतून दिले तरी हिशेब हवाच ना?

हिशेबनीस

हवाच. वर्गणीचा हिशेब अनुदानापेक्षा कडक ठेवा, कारण तपासणारे रोज बाजारात भेटतात. पावतीपुस्तक छापून घ्या. वर्गणी तुमच्या दवाखान्याच्या खात्यात घेऊ नका, नाहीतर ती तुमचे उत्पन्न दिसेल. मंदिर समिती किंवा युवक मंडळ नोंदणीकृत असेल तर त्यांच्या खात्यात, ठराव करून. म्हाताऱ्याचा अंगठा चालतो. शेजारी साक्षीदाराची सही, पूर्ण नाव आणि तारीख घ्या. सर्पमित्राला साक्षीदार करू नका, तो स्वतः पैसे घेणारा आहे. शिक्षकांची सही घ्या.